पळायला शिकवलं, थांबायला कुणी शिकवायचं?

कोपरारक्षक (वाळवा तालुका) · सोमवार, रात्री ९:५०

गेली अकरा वर्षं मुलींची कबड्डी शिकवतोय. दिवसा शाळा, संध्याकाळी मैदान. आज लिहायला बसलोय ते आमच्या एका चढाईपटूमुळे. वय सतरा. नाव लिहीत नाही.

गेल्या महिन्यातली स्पर्धा, मॅटवर. तिने बोनस घेतला आणि परत फिरली. कुणाचा धक्का नाही, कुणी पकडलेलं नाही. डावा पाय टेकवला, मध्यरेषेकडे वळायला गेली आणि खाली बसली. गुडघ्यातून टक असा आवाज आला असं ती म्हणाली. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं हाडं जोडणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, गुडघ्यातल्या हाडांमधल्या गादीलाही इजा. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

मला छळणारी गोष्ट अशी की ती आमच्या संघातली सगळ्यात ताकदवान मुलगी. दोन वर्षांपूर्वी गावात जिम झाली, तेव्हापासून मी आठवड्यातून तीन दिवस मुलींना तिथे नेतो. तिचं वजन ५६ किलो आणि ती ७० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसून उठणं) मारायची. मी एक वही ठेवलीय. तीस मीटर पळ, उभी उडी, स्क्वॉट, जोर, असे रकाने आहेत आणि प्रत्येकीचे दर महिन्याचे आकडे त्यात आहेत. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ती वही चाळली. तिचा प्रत्येक आकडा वर गेलेला दिसला. वेग वाढला, उडी वाढली, ताकद वाढली. त्या वेगाने आलेलं अंग थांबवायचं कसं, याचा एकही रकाना नाही. अकरा वर्षांत मी तो आखलेलाच नाही.

इथे वस्ताद आहेत, फिजिओ आहेत, वजन उचलणारे, धावणारे आहेत. मला दोन गोष्टी हव्यात. माझं नेमकं कुठे चुकलं आणि बाकीच्या तेरा मुलींसाठी उद्यापासून काय करू. मनाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका, खरं सांगा.

मिरजकर फिजिओ · सोमवार, रात्री ११:१५

सर, खरं सांगायला सांगितलंत म्हणून मोठं लिहिते.

आधी हे समजून घ्या की बहुतेक एसीएल अशीच तुटतात. कुणी अंगावर पडून नाही, तर एकट्याने वळताना, थांबताना, उडीतून खाली येताना. मुलींमध्ये याचं प्रमाण, तोच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या मानाने, दुपटीहून जास्त आहे. माझ्याकडे कबड्डी, खो-खो आणि बास्केटबॉलच्या मुली येतात आणि सगळ्या एकच गोष्ट सांगतात, 'मॅडम, कुणी हातसुद्धा लावला नव्हता.'

आता ७० किलोचं बघू. तो स्क्वॉट करायला तिला किती वेळ लागतो? खाली जायला दोन सेकंद, वर यायला दोन सेकंद. माणसाच्या स्नायूला आपला पूर्ण जोर उभा करायला साधारण सेकंदाचा तिसरा भाग तरी लागतो. लिगामेंट तुटतं ते पाय टेकल्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. म्हणजे जिममध्ये कमावलेली ताकद जागी होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तिथे उपयोगी पडते ती पाय टेकण्याच्या आधीच स्नायू ताणून धरायची सवय. गुडघा थोडा वाकलेला, कंबर मागे, पाऊल अंगाखाली, आणि हे सगळं हवेत असतानाच ठरलेलं. ही सवय स्क्वॉटने आपोआप लागत नाही, ती वेगळी शिकवावी लागते.

दुसरं म्हणजे थांबताना स्नायू लांबत लांबत जोर लावतो. जिना चढताना मांडी आखडत काम करते, उतरताना लांबत. लांबताना स्नायू जास्त वजन पेलू शकतो, पण त्याला त्याचा सराव असेल तरच. आपल्याकडे सगळा सराव वर जाण्याचा. वजन वर, उडी वर, पळ पुढे. खाली येताना आणि थांबताना मुलगी काय करते हे बघायला कुणी नसतं.

उद्याच एक करा. मैदानावर फूटभर उंचीची पायरी किंवा ठोकळा असेल तर एकेका मुलीला त्यावरून दोन्ही पायांवर उतरायला लावा आणि समोरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घ्या. टेकताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का बघा. पाय ताठ ठेवून उतरते का बघा. आणि कान द्या. धप्प आवाज आला तर स्नायूंनी भार घेतलेला नाही, तो हाडांनी आणि सांध्यांनी घेतला.

तुमची चूक झाली का? वही ठेवणारे मास्तर मला फार भेटत नाहीत, आणि तिची ताकद वाया गेलेली नाही. ऑपरेशननंतर ज्यांची मांडी आधीपासून मजबूत असते त्यांना परत उभं करणं सोपं जातं. पण रकाना राहिला हे खरं.

तालमीतला (पलूस) · मंगळवार, पहाटे ४:४०

मास्तर, वाचून लई वाईट वाटलं. पोरीला म्हणावं धीर सोडू नको.

आमच्याकडं नवं पोरगं तालमीत आलं की पहिले काही म्हयने डाव न्हाई. आखाडा उकरायचा, जोर मारायचं, आन् पडायला शिकायचं. मान कशी घ्यायची, खांदा कसा टाकायचा, हात कुठं ठेवायचा. ज्याला नीट पडता येत न्हाई त्याला मी लढतीला सोडत न्हाई, मग त्याच्या बापाची कितीबी घाई असूदे. कारण सोपं हाय. पैलवान काय रोज जिंकत न्हाई, पर रोज पडतो.

दुसरी गोष्ट मातीची. आमचा हौदा ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केल्याला. पाय लावला की माती थोडी सरकती. मॅट सरकत न्हाई. पाय जिथं टेकला तिथंच धरून ठेवती आन् वरचं अंग फिरतंय. मग फिरायचं कुणी? गुडघ्यानं. तुमच्या पोरी रोज सराव मातीवर करत्यात आन् स्पर्धा मॅटवर खेळत्यात का, ते सांगा.

कोपरारक्षक · मंगळवार, सकाळी ६:३०

वस्ताद, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. रोजचा सराव मातीवर, अनवाणी. स्पर्धेच्या आधी चार दिवस बूट घालून मॅटवर. इतकंच.

गोळेश्वरचा · मंगळवार, सकाळी ८:०५

माती आणि गादीचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं सांगतो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतले पैलवान होते. गादीवरच्या कुस्तीचा आणि तिथल्या नियमांचा सराव नव्हता. तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी त्या गादीसाठी मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटचं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लहानपणापासून हे ऐकत आलो, पण ती चार वर्षं पायाखालच्या जमिनीची ओळख करून घेण्यात गेली असतील हा विचार आज पहिल्यांदा डोक्यात आला.

बारखालचा (सांगली) · मंगळवार, दुपारी १:२०

मी वेटलिफ्टिंग शिकवतो. फिजिओ मॅडमचं सगळं पटलं, एक भीती मात्र वाटतेय म्हणून लिहितो. हा धागा वाचून उद्या दहा मास्तर स्क्वॉट बंद करतील आणि मुलींना नुसत्या उड्या मारायला लावतील. तसं करू नका. ५६ किलोचं अंग पळत येऊन एका पायावर थांबतं तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मुळात ताकदच नसेल तर थांबायची कला शिकून काय करणार? सवय नसलेली ताकद आणि ताकद नसलेली सवय, दोन्ही मुली माझ्याकडे येतात. दुसरीची काळजी मला जास्त वाटते.

सर, तुम्हाला दोन प्रश्न. तो ७० किलोचा स्क्वॉट किती खोल होता? आणि बार कुठला होता? मुलींचा बार १५ किलोचा आणि हातात बारीक असतो, पुरुषांचा २० चा. गावातल्या जिममध्ये एकच बार असतो आणि एकदम दहा-दहाच्या प्लेटा. मग वजन हळूहळू वाढतच नाही, उड्या मारत वाढतं. आमच्याकडे अर्ध्या किलोची प्लेटसुद्धा जपून ठेवतात.

आता आमच्या खेळातली एक गोष्ट सांगतो, तुमच्या विषयाला जुळते. लोकांना वाटतं वेटलिफ्टर वजन उचलतो. स्नॅच नीट बघा. बार छातीपर्यंत आला की लिफ्टर त्याच्याखाली बसतो आणि वरून येणारा बार हात ताठ करून झेलतो. खरी परीक्षा झेलण्याची. नवीन मुलाला मी पहिला महिना बार देत नाही, काठी देतो. काठी डोक्यावर धरून खाली बसायचं आणि तिथेच थांबायचं. घोटा वळत नाही, पाठ गोल होते, गुडघा आत जातो, हे सगळं काठीखाली दिसतं. काठीखाली जे दिसतं तेच ७० किलोखाली मोठं होऊन दिसतं.

आमच्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क (आधी बार खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) १३५, एकूण २४८. मलेशियाच्या खेळाडूचे २४९ झाले आणि एका किलोने सोनं गेलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं, तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो बारपाशी आला. हे लिहायचं कारण, दुखापत सगळ्यात मजबूत माणसालाही होते. शंभर टक्के टाळता येईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. कमी मात्र करता येते.

कोपरारक्षक · मंगळवार, रात्री ९:१०

बार २० चा. खोली, आज व्हिडिओ काढून बघितली. मांडी जमिनीला समांतर होण्याच्या बरीच वर मुली थांबतात. म्हणजे माझ्या वहीतला ७० आकडा अर्ध्या वाटेचा होता. तिच्या जुन्या एका व्हिडिओत वर येताना डावा गुडघा आत येताना स्पष्ट दिसतोय. मी तेव्हा तो व्हिडिओ 'शाब्बास' लिहून ग्रुपवर टाकला होता.

मॅडम, पायरीवरून उतरायचंही केलं. तेरापैकी निम्म्याहून जास्त मुलींचे गुडघे आत पडतात. आवाज धप्प.

माणदेशी पाऊल · बुधवार, सकाळी ७:००

मी कबड्डीतला नाही, धावतो. पण खाली येण्याबद्दल आमच्याइतकं कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन जे पळलेत त्यांना यवतेश्वरचा घाट माहीत आहे. नवीन लोक वर्षभर चढाची तयारी करतात. चढ त्यांना दमवतो खरा, पण पाय मोडतात ते परतीच्या उतारावर. प्रत्येक पावलाला मांडी लांबत ब्रेक लावत असते. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, खुर्चीवर बसता येत नाही. मजा अशी की दोन-तीन आठवड्यांनी तोच उतार पुन्हा पळा, दुखणं निम्म्यावर येतं. स्नायू एका अनुभवातच शिकतो, अट एवढीच की त्याला तो अनुभव थोडा थोडा द्यायचा. आम्ही आता तयारीत दर दहा दिवसांनी छोटा उतार ठेवतो, आधी माळावर, मग डांबरावर.

आमच्या माणच्या, मोहीच्या ललिता बाबरची शर्यत आठवा. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. म्हणजे ३५ वेळा हवेत जायचं आणि ३५ वेळा खाली यायचं, तेही दमलेल्या पायांवर, बहुतेक वेळा एका पायावर. पाण्यातून बाहेर येताना ज्याचा पाय खचला त्याचा वेग तिथेच जातो. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. तिच्या दमाबद्दल सगळे बोलतात. मी व्हिडिओ लावतो तेव्हा तिचं पाऊल टेकताना बघतो.

भरतीमास्तर (कोरेगाव) · बुधवार, दुपारी ३:४०

सगळ्यांचं वाचतोय, पटतंय, पण माझी अडचण ऐका. माझ्याकडे पोलीस भरतीची साठ पोरं-पोरी. मैदानीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळा. तीन महिने हातात. पालकांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. एक एक मुलाला पायरीवरून उतरवून व्हिडिओ काढत बसलो तर पळवायचं कधी? रोज दहा जणांची नडगी दुखते. पट्टी बांधून पळतात. मला हे आवडत नाही, पण थांबवलं तर ते दुसऱ्या ॲकॅडमीत जातात.

मिरजकर फिजिओ · बुधवार, रात्री १०:३०

भरतीमास्तर, तुमची अडचण खरी आहे, म्हणून वेगळा वेळ मागत नाही. तुमचा वॉर्म-अप पंधरा मिनिटांचा असेलच. दोन फेऱ्या, मग हात फिरवणं, पाय ताणणं. तोच बदला. आठवड्यातून तीन दिवस, दहा-पंधरा मिनिटं, हंगाम संपेपर्यंत न चुकता. मुलींच्या संघांनी एवढंच नेमाने केलं तेव्हा एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी झालेल्या दिसल्या आहेत. चुकत-माकत केलं तर फायदा दिसत नाही, हेही तितकंच खरं.

काय करायचं ते कबड्डीवाल्या सरांसाठी आणि तुमच्यासाठी एकत्रच सांगते. पहिले दोन आठवडे जागच्या जागी छोटी उडी, दोन्ही पायांवर उतरायचं आणि तीन अंक मोजेपर्यंत पुतळ्यासारखं थांबायचं. हललं तर उडी मोठी होती. मग एका पायावर. मग चार पावलं पळत येऊन तीन छोट्या पावलांत थांबायचं. एकाच लांब पावलात थांबायला जाऊ नका, तिथेच गुडघा ताठ सापडतो. त्यानंतर थांबून वळायचं. सगळ्यात शेवटी, कुठे वळायचं हे शेवटच्या क्षणी कळेल असं. जोडीदार हात दाखवेल तिकडे. ठरवून वळण्यापेक्षा अचानक वळताना गुडघ्यावरचा ताण बराच जास्त असतो, आणि तुमचा अख्खा खेळ अचानक वळण्याचाच आहे.

सोबत एक व्यायाम जोडीने. एकीने गुडघ्यांवर बसायचं, दुसरीने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि पहिलीने अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकत जायचं. शेवटी हात टेकायचे. मांडीच्या मागच्या बाजूसाठी इतका स्वस्त आणि इतका उपयोगी व्यायाम मला दुसरा माहीत नाही. सुरुवातीला चार-पाच वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी भरपूर दुखेल, सांगून ठेवा.

नडगीसाठी पळण्याचं अंतर एकदम वाढवू नका आणि आठवड्यातले निदान दोन दिवस डांबर सोडून मातीवर पळवा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो. हाड आणि कंडरा यांना महिने लागतात. पोरांना दम आलेला असतो, नडगी अजून तयार झालेली नसते, आणि त्या मधल्या काळातच ती दुखते.

आई_तासगाव · गुरुवार, सकाळी ११:००

माझी मुलगी तेरा वर्षांची, खो-खो खेळते. तिच्या सरांनी वजनं सुरू करायला सांगितलीत. सासूबाई म्हणतात उंची खुंटेल. काय करू?

बारखालचा · गुरुवार, सकाळी ११:४५

ताई, नीट शिकवणारा माणूस समोर उभा असेल तर उंची खुंटत नाही. ही भीती जुनी आहे, पण खरी नाही. या वयात वजन किती हा प्रश्नच नको. काठी, स्वतःचं अंग, फार तर रिकामा हलका बार. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा मुली काही महिने अडखळतात, कालपर्यंत जमणारी उडी आज जमत नाही. त्या काळात रागावू नका, सरांनाही सांगा. गुडघ्याच्या वाटीखाली हाड दुखत असेल तर दाखवून घ्या.

मिरजकर फिजिओ · गुरुवार, दुपारी १२:१०

ताई, एक भर. पाळी सुरू झाल्यावर मध्येच काही महिने बंद झाली तर 'खेळते म्हणून' असं समजून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा मुलगी मेहनतीच्या मानाने कमी खात असते, आणि त्याचा पहिला फटका हाडांना बसतो.

तालमीतला · गुरुवार, रात्री ८:२०

एक इचारतो, राग मानू नका. हे सगळं नवं म्हणून सांगताय, पर आमचं जोर-बैठका मारून पिढ्या घडल्या. माझा आज्जा हजार बैठका मारायचा. गुडघा शेवटपर्यंत मजबूत. मग बार कशाला पायजे?

बारखालचा · गुरुवार, रात्री ९:०५

वस्ताद, राग कसला. बैठकीला मी नाव ठेवत नाही. टाच उचलून, गुडघा पुढे नेऊन बसायची आपली पद्धत बाहेरचे लोक चूक म्हणायचे, आता तेच गुडघा बोटांच्या पुढे न्यायला शिकवतात. पण हजार बैठका मारणाऱ्याच्या मांडीत दम येतो. एका क्षणी पूर्ण जोर लावायची ताकद वाढवायची तर भारच वाढवावा लागतो, मोजणी वाढवून ती फारशी येत नाही. तुमच्या तालमीत तरी नुसत्या बैठका कुठे होत्या? जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका, सुमतोल्याचा जड ओंडका, मुद्गल, कमरेला वजन बांधून दोरी. आज्जांनी हजार मारल्या त्या दमासाठी. ताकद सुमतोल्यातून आली.

तालमीतला · गुरुवार, रात्री ९:४०

हे बराबर. सुमतोला अजून कोपऱ्यात पडून हाय. उद्या बाहेर काढतो.

आन् एक माझंबी ऐका. जोरात काय हाय ते नुसती छाती न्हाई. खाली जाताना अंग सावकाश सोडायचं, धाडकन पडायचं न्हाई, ही ताकीद पहिल्या दिवशी. मॅडम म्हंत्यात ते लांबत जोर लावायचं, ते हेच नव्हं का?

मिरजकर फिजिओ · गुरुवार, रात्री १०:००

अगदी तेच, वस्ताद.

ऐरणीवरचा (विटा) · शुक्रवार, दुपारी ४:१५

मी खो-खो शिकवतो आणि घरचा धंदा लोहाराचा. या धाग्याला एक वेगळी बाजू जोडावीशी वाटते.

निकोलाय बर्नस्टाइन नावाचा रशियन शास्त्रज्ञ होता. १९२० च्या दशकात मॉस्कोत त्याने हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यावर टिपून मोजल्या. सगळ्यांची समजूत अशी की कसलेल्या कामगाराचा प्रत्येक घाव हुबेहूब सारखा असणार. निघालं उलटंच. हातोडा दर वेळी नेमक्या जागी पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दर घावाला थोडा वेगळा होता. खांदा जरा चुकला तर कोपर सांभाळून घेत होतं. कसब ते सांभाळून घेण्यात होतं.

हे वाचलं तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. लोखंड कधी जास्त तापलेलं, कधी निवत आलेलं, भाता ओढणारा कधी मी, कधी भाऊ. दोन घावही सारखे नसायचे आणि विळा मात्र सारखा निघायचा.

म्हणून सर, तुमच्या मुलींना थांबायला शिकवताना 'हीच एक बरोबर पद्धत' म्हणून तीच पायरी तेवढीच शंभर वेळा करू नका. आधी शिकवा जरूर. मग पायरी बदला, जमीन बदला, दमलेलं असताना करा, हात मागे बांधून करा, कुणीतरी ओरडत असताना करा. पोल डाइव्ह (खांबाला धरून झेप घेत गडी बाद करणं) शिकवताना मी खांबाची बाजू, पळण्याचा कोन, पाठलाग करणारी मुलगी सतत बदलतो. सुरुवातीला चुका वाढतात आणि पालकांना वाटतं सर नीट शिकवत नाहीत. दोन महिने थांबायला लागतं.

मल्लखांबवाली (औंध) · शुक्रवार, रात्री ८:५०

ऐरणीवरचे दादा, खूप सुंदर लिहिलंत. फक्त क्रम सांभाळा. मल्लखांबावर मी मुलीला वर चढायला शिकवण्याआधी उतरायला शिकवते, आणि ते एकाच पद्धतीने, कितीतरी आठवडे. अंगाला एक भरवशाची वाट माहीत झाली की मग बदल करावेत. भीती बसलेल्या मुलीपुढे रोज नवीन काहीतरी टाकलं तर ती आखडते, आणि आखडलेलं अंग ताठच उतरतं.

आमच्या औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. साहित्य लागत नाही, जागा लागत नाही, आजारी-धडधाकट, मुलगा-मुलगी सगळ्यांना जमतं, म्हणून. माझ्या मुली आजही बारा घालूनच खांबाला हात लावतात. मी त्यात एकच बदल केलाय. पाय मागे टाकताना आणि पुढे घेताना आवाज होता कामा नये. धप्प झालं की तो नमस्कार मोजायचा नाही. पंधरा दिवसांत पाय मांजरासारखे पडायला लागतात.

भरतीमास्तर · शनिवार, सकाळी ९:३०

'आवाज झाला की मोजायचा नाही' हे आज साठ जणांवर करून बघितलं. उड्या मारताना पहिल्यांदाच मैदान शांत झालं. व्हिडिओ नको, काही नको. हे मला जमेल.

कोपरारक्षक · पाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, क्षमस्व. पण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. फिजिओंनी निदान नऊ महिने मैदान नाही असं सांगितलंय, आणि नऊ पूर्ण झाले तरी मांडीची ताकद, एका पायावरची उडी, उतरणं हे सगळं तपासल्याशिवाय नाही. तिच्या वडिलांना सहा महिन्यांनी येणारी एक स्पर्धा डोळ्यांसमोर होती. त्यांच्याशी दोनदा बसून बोललो. ऐकलं त्यांनी.

बाकी मुलींचं सांगतो. आठवड्यातले तीन दिवस वॉर्म-अप आता पूर्ण बदललाय. उतरून थांबणं, तीन पावलांत ब्रेक, जोडीने मांडीचा तो व्यायाम. पहिल्या आठवड्यात मुली रडकुंडीला आल्या, जिना उतरता येत नव्हता. माणदेशी भाऊंचं वाक्य वाचून दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं. जिममध्ये वजन निम्म्यावर आणलं आणि खोली पूर्ण केली. खाली जायला चार अंक. दोन मुली नाराज झाल्या, 'सर, आमचे आकडे कमी झाले' म्हणाल्या. त्यांना व्हिडिओ दाखवला तेव्हा गप्प झाल्या. पंधरा किलोच्या बारसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिलाय, तोवर सांगलीहून एक जुना मिळालाय. कुणी पाठवला त्यांना माहीत आहे.

मॅटचा प्रश्न मोठा आहे. आमच्याकडे मॅट नाही. दर शनिवारी शेजारच्या गावातल्या शाळेत जायची परवानगी मिळवलीय. बूट घालून, फक्त थांबणं आणि वळणं. खेळ नाही.

सगळ्यांचे गुडघे सुधारलेत का? नाही. चार जणींचे अजून आत पडतात, विशेषतः दमल्यावर. सराव संपताना तपासायला लागलो तेव्हा हे दिसलं, सुरुवातीला तपासत होतो तेव्हा दिसत नव्हतं.

आणि ती. गेल्या सोमवारपासून कुबडी घेऊन मैदानावर येते. मी नको म्हणालो होतो, तिने ऐकलं नाही. पायरीवर बसते. वही आता तिच्याकडे आहे. पहिल्या दिवशी तिने स्वतःच पट्टी घेऊन नवा रकाना आखला आणि वर लिहिलं 'थांबणं'. आकडा नाही. डावा, उजवा, आवाज, असं तिचं स्वतःचं काहीतरी आहे. काल मी मॅटच्या दुसऱ्या टोकाला होतो आणि ती ओरडली, 'सर, तिचा डावा आत जातोय, थांबवा तिला.' मोबाईलवर लावून बघितलं. जात होता.

मिरजकर फिजिओ · रविवार, रात्री ८:१५

पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे. मॅटवर किती वाजता असता? त्या चार जणींना वेगळं ठेवा, आणि वही तिला घेऊन यायला सांगा. मला बघायचीय.

तालमीतला · रविवार, रात्री ८:४०

शनिवारी मीबी येतो. पोरींना पडायला शिकवतो. मॅट तेवढी पुसून ठेवा मास्तर, घामानं पाय सरकतो.